पीसीओडी आहे, आठ महिने गोळ्या झाल्या. आता थेट टेस्ट ट्यूब बेबी करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१, लग्नाला चार वर्षं, गेली दोन वर्षं मूल हवं म्हणून प्रयत्न. पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, सोनोग्राफीत पीसीओडी निघालं. आठ महिने बीज फुटण्यासाठी क्लोमिफीनच्या गोळ्या आणि दर महिन्याला फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीजाची वाढ पाहणाऱ्या सोनोग्राफी, झाल्या. दोनदाच बीज फुटलं, दिवस राहिले नाहीत. एएमएच, म्हणजे बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी, ७.८ आलं आहे. आता एका सेंटरने थेट आयव्हीएफ, म्हणजेच टेस्ट ट्यूब बेबी, सांगितलं आहे, घरातून 'एकदाचं करून टाका' असा आग्रह आहे, आणि मिस्टरांची तपासणी अजून झालेली नाही.

माझं उत्तर आहे: आत्ता आयव्हीएफ करू नका. कधीच करू नका असं मी म्हणत नाही. पण तुमच्यापुढे अजून दोन-तीन सोप्या पायऱ्या आहेत आणि त्यातली पहिली पायरी मिस्टरांची आहे.

माझ्या ओपीडीत येणाऱ्या कितीतरी जोडप्यांच्या फायली जाडजूड असतात. तिच्या पाच-सहा सोनोग्राफी, हार्मोन्सच्या तपासण्या, कधी पिशवी साफ केल्याची नोंद, कधी दुर्बिणीतून झालेलं ऑपरेशन. आणि त्याचा एक कागदही नाही. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीला. वीर्यतपासणीला काहीशे रुपये लागतात, सुई टोचावी लागत नाही, रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. तरी ती शेवटी होते, आणि तोवर ती बाई गोळ्या खात राहते. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

तपासणी नीट व्हायला हवी, म्हणून तपशील सांगतो. आधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध किंवा वीर्यपतन नको. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. तिथे संकोच वाटत असेल आणि घर जवळ असेल तर लॅबने दिलेल्या डबीत घ्या, शर्टाच्या आत अंगाशी धरून न्या आणि अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोहोचवा. साधा निरोध वापरून घेतलेला नमुना चालत नाही, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात. पहिला भाग सांडला असेल तर तसं लॅबला सांगा, कारण सर्वाधिक शुक्राणू त्याच भागात असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी: वीर्य १.४ मिली, प्रति मिली १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के, त्यात पुढे पोहणारे ३० टक्के, आणि आकाराने नीट असलेले ४ टक्के. हा शेवटचा आकडा पाहून लोक घाबरतात. रिपोर्टवर ९६ टक्के 'ॲबनॉर्मल' लिहिलेलं असलं तरी तो रिपोर्ट नॉर्मल असू शकतो.

एक रिपोर्ट खराब आला म्हणून खचू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात. दोन-अडीच महिन्यांपूर्वीचा डेंग्यू किंवा कडक ताप आजच्या काऊंटमध्ये, म्हणजे शुक्राणूंच्या संख्येत, दिसतो. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. तंबाखू, गुटखा, दारू बंद करायचं सांगितलं तर त्याचा परिणाम दिसायलाही तेवढाच काळ लागतो. मिस्टर भट्टीसमोर उभं राहायचं काम करत असतील, फाउंड्रीत किंवा बेकरीत, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. उष्णतेने काऊंट उतरतो. आणि हल्ली वरचेवर दिसणारी एक गोष्ट: जिममध्ये 'बॉडी' करण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. पुरुषी हार्मोन घेतल्याने शुक्राणू वाढतील असं या मुलांना वाटतं, पण होतं उलटं. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो आणि काऊंट शून्यावरही जातो. बंद केल्यावर बहुतेकांचा परत येतो, पण महिने लागतात.

काऊंट शून्य आला तरी दार बंद होत नाही. शुक्राणू तयार होतात पण वाट बंद आहे, की तयारच होत नाहीत, हे हार्मोन्स आणि तपासणीवरून बऱ्यापैकी कळतं. वाट बंद असेल तर वृषणातून किंवा त्याच्या वरच्या नळीतून सुईने शुक्राणू काढता येतात. तयारच होत नसतील तरी मायक्रोस्कोपखाली ऑपरेशन करून काही जणांमध्ये थोडे सापडतात. १९९२ साली ब्रसेल्सच्या गटाने एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडून झालेल्या गर्भधारणा प्रसिद्ध केल्या. त्या तंत्राला आपण इक्सी म्हणतो. त्याआधी अशा बहुतेक पुरुषांपुढे दात्याचे शुक्राणू किंवा दत्तक एवढेच मार्ग होते.

आता तुमच्याविषयी. पीसीओडीमध्ये बीजं कमी नसतात, उलट खूप असतात. अडचण एवढीच की त्यातलं एक वेळेवर मोठं होऊन फुटत नाही. एएमएच ७.८ म्हणजे काहीतरी भयंकर आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते मनातून काढा. एएमएच बीजांचा साठा सांगतं, दर्जा नाही, आणि नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हे तर मुळीच सांगत नाही. तुमच्या बाबतीत तो आकडा पीसीओडीचीच खूण आहे. त्याचा खरा उपयोग पुढे कधी इंजेक्शनं द्यायची वेळ आली तर डोस कमी ठेवण्यासाठी होईल.

क्लोमिफीनवर आठ महिन्यांत दोनदाच बीज फुटलं असेल तर तेच औषध पुढे ओढण्यात अर्थ नाही. खरं तर डोस वाढवूनही सहा महिन्यांत काम झालं नाही तर थांबायला हवं. त्या गोळीने काहींचं गर्भाशयाचं अस्तरही पातळ राहतं. आज पीसीओडीसाठी पहिली पसंती लेट्रोझोलला आहे. २०१४ साली अमेरिकेत ७५० पीसीओडी असलेल्या स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच पाळ्यांपर्यंत उपचार दिले. लेट्रोझोलच्या गटात २७.५ टक्के स्त्रियांना बाळ झालं, क्लोमिफीनच्या गटात १९.१ टक्के. आपल्याकडे २०११ मध्ये वंध्यत्वासाठी या गोळीवर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. 'ही तर कॅन्सरची गोळी आहे' असं मेडिकलवाल्याने सांगितलं म्हणून घाबरून परत आलेल्या बायका मी आजही पाहतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ती वर्षानुवर्षं रोज देतात हे खरं आहे. इथे ती पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाचच दिवस घ्यायची असते आणि बीज फुटेपर्यंत शरीरातून जवळजवळ निघून जाते. डोस अडीच मिलिग्रॅमपासून सुरू करून गरजेप्रमाणे साडेसातपर्यंत वाढवतात. तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा, मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नका.

वजनाचं तुम्ही लिहिलेलं नाही. जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी आपोआप सुरळीत होते आणि गोळ्याही चांगल्या लागू पडतात. ७५ किलोच्या बाईने चार-पाच किलो कमी केले तरी फरक दिसतो. त्यासाठी उपास करू नका. रात्रीचं जेवण लवकर, भात-पोळी मोजून, उसळ आणि कोशिंबीर जास्त, आणि रोज घाम येईल इतकं चालणं. साखर किंवा इन्सुलिनचा त्रास असेल तर मेटफॉर्मिनची मदत होते. सगळ्यांनाच ती लागते असं नाही.

बीज फुटलं की नाही हे पाहायला दर महिन्याला पाच-पाच सोनोग्राफी लागत नाहीत. पहिल्या महिन्यात डोस बसवण्यासाठी दोन-तीन पुरेत. नंतर पाळी अपेक्षित असेल त्याच्या सात दिवस आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासलं तरी कळतं. आणि कृपा करून 'अमुक रात्रीच संबंध ठेवा' हे फर्मान घरात चालू देऊ नका. त्या तारखांच्या ताणाने नवऱ्याला जमत नाही, मग दोघं एकमेकांवर चिडतात, आणि ही गोष्ट डॉक्टरांना कोणी सांगत नाही. शुक्राणू आत तीन ते पाच दिवस जगतात. पाळीच्या मधल्या आठवड्यात दिवसाआड संबंध आले की झालं.

लेट्रोझोल सुरू करण्याआधी किंवा पहिल्या महिन्यातच नळ्यांची तपासणी, म्हणजे एचएसजी, करून घ्या. पाळी थांबल्यावर, सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास करतात. गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात. काही मिनिटं पाळीसारखी किंवा त्याहून जास्त कळ येते. अर्धा तास आधी वेदनाशामक गोळी मागून घ्या, सोबत कोणालातरी न्या. नळी गर्भाशयाजवळ बंद दिसली तर ती कधी नुसती आकसलेलीही असते, म्हणून त्या एका फोटोवर निकाल लावायचा नसतो.

नळ्या खरोखर खराब असतील तर आपल्याकडे टीबीचा विचार करावाच लागतो. जननमार्गाचा टीबी वर्षानुवर्षं काही लक्षण न दाखवता नळ्या खातो, अस्तर खराब करतो. पण इथे उलट टोकाची चूकही होते. अस्तराच्या तुकड्याची नुसती पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आली, बाकी सगळं नॉर्मल, आणि सहा महिन्यांची एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू, हे मला पटत नाही. कल्चर (जंतू वाढवून पाहणं), सीबीनॅट ही टीबीची जनुकीय तपासणी, पेशींची तपासणी, दुर्बिणीतून प्रत्यक्ष दिसणाऱ्या खुणा हे सगळं जुळवून मगच ती औषधं द्यावीत. ती साधी औषधं नव्हेत, आणि त्यात गेलेले सहा महिने ३८ वर्षांच्या बाईला परत मिळत नाहीत.

मिस्टरांचा रिपोर्ट बरा, एक तरी नळी उघडी, लेट्रोझोलवर बीज फुटतंय, तर सहा पाळ्या थांबा. त्या काळात बऱ्याच जणींना दिवस राहतात. नाही राहिले, किंवा काऊंट थोडाच कमी असेल, तर आययूआय. वीर्य धुऊन त्यातले चपळ शुक्राणू वेगळे करतात आणि बीज फुटायच्या सुमाराला पातळ नळीने गर्भाशयात सोडतात. पाच मिनिटांचं काम, भूल लागत नाही. एका खेपेत यश साधारण दहा-पंधरा टक्के. तीन-चार वेळा करून पाहावं. आठ, दहा, बारा आययूआय झालेल्या बायका येतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण चौथ्यानंतर हाती फारसं लागत नाही. दोन्ही नळ्या बंद असताना केलेल्या आययूआयला तर अर्थच नाही.

मग आयव्हीएफ कोणाला? दोन्ही नळ्या बंद, काऊंट फारच कमी किंवा शून्य, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं) बराच पसरलेला, वरचे उपाय करून थकलेले, आणि वय पुढे गेलेल्या स्त्रिया. तुम्ही ३१ च्या आहात, तुमच्याकडे वेळ आहे. ३५ नंतर मी एक वर्षाऐवजी सहा महिन्यांतच तपासण्या सुरू करतो आणि ४० च्या जवळ असेल तर गोळ्यांत वेळ घालवत नाही. स्वतःचं बीज वापरून केलेल्या आयव्हीएफमध्ये ३५ च्या आतल्या स्त्रीला एका ट्रान्सफरमागे, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडण्याच्या एका खेपेमागे, बाळ होण्याची शक्यता ढोबळमानाने तीनात एक असते. चाळिशी ओलांडल्यावर ती दहात एकच्या आसपास येते. यंत्रं कितीही भारी असली तरी बीजाचं वय बदलत नाही. केंद्राच्या जाहिरातीत दिसणारी बाई पन्नाशीला आली असेल तर बहुधा ते बीज दुसऱ्या कोणा तरुण स्त्रीचं असतं. तसं करण्यात वावगं काहीच नाही, फक्त ते जोडप्याला आधी स्पष्ट सांगितलेलं असावं.

आयव्हीएफमध्ये होतं काय, तेही समजून घ्या. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पोटाच्या त्वचेखाली रोज इंजेक्शन, साधारण दहा दिवस. एरवी एक बीज वाढतं, इथे अनेक वाढवायची असतात. फॉलिकल, म्हणजे बीज असलेल्या पाण्याच्या पिशव्या, १७-१८ मिलिमीटरचे झाले की बीजं पक्व करणारं ट्रिगरचं इंजेक्शन, अगदी ठरल्या मिनिटाला, कारण त्यानंतर ३५-३६ तासांनी बीजं काढायची असतात. थोडी भूल देऊन, योनीमार्गे सोनोग्राफीच्या सुईने फॉलिकलमधलं पाणी ओढतात. ते पाणी गरम ठेवलेल्या टेस्ट ट्यूबमधून शेजारच्या लॅबमध्ये जातं. एम्ब्रियोलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये बीजं आणि गर्भ सांभाळणारा तज्ज्ञ, ते बशीत ओततो, मायक्रोस्कोपखाली पाहतो. बीजाभोवती पेशींचा धूसर ढग असतो, तो दिसला की आतून आवाज येतो, 'एक मिळालं.' बाहेर बसलेल्या नवऱ्याला तोवर काहीच ठाऊक नसतं, म्हणून मी त्यांना आकडा लगेच सांगतो आणि पुढे तो कमी होत जाणार हेही त्याच वेळी सांगतो. बारा बीजं मिळाली तर नऊ-दहा पक्व, सहा-सात फलित आणि पाचव्या दिवसापर्यंत टिकणारे गर्भ तीन-चार, असा साधारण हिशेब असतो. हे आधी न सांगितल्याने जोडपी पाचव्या दिवशी कोसळतात.

पीसीओडी असलेल्या स्त्रीने एक धोका लक्षात ठेवायलाच हवा. इंजेक्शनांनी बीजं खूप वाढून पोटात पाणी होऊ शकतं, त्याला ओएचएसएस म्हणतात. आज तो बराच टाळता येतो: अँटॅगोनिस्ट पद्धत (बीज वेळेआधी फुटू नये म्हणून मधल्या दिवसांत वेगळं इंजेक्शन), कमी डोस, ट्रिगरसाठी एचसीजी या हार्मोनऐवजी ॲगोनिस्ट प्रकारचं इंजेक्शन, आणि त्या महिन्यात ट्रान्सफर न करता सगळे गर्भ गोठवून ठेवणं. उद्या तुम्ही आयव्हीएफला गेलात तर या चारही गोष्टींबद्दल विचारा. पोट फुगणं, लघवी कमी होणं, दम लागणं असं काही झालं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.

ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस पलंगावर पडून राहायचं, जिना चढायचा नाही, हसायचं-शिंकायचं नाही, हे सगळं सोडून द्या. पडून राहिल्याने यश वाढत नाही. मी तर दुसऱ्या दिवशी कामावर जायला सांगतो. एका वेळी एकच चांगला गर्भ सोडावा हेही मी आग्रहाने सांगतो. 'जुळी झाली तर एकदाच सुटका' असं घरचे म्हणतात, पण सातव्या महिन्यात जन्मलेली जुळी काचेच्या पेटीत आठवडेच्या आठवडे असतात तेव्हा त्यांची आई काय सोसते ते मी पाहिलं आहे.

आयव्हीएफ करायला गेलं की यादी लांबत जाते. अस्तर खरवडणं, रक्तातल्या प्लेटलेटची इंजेक्शनं, इंट्रालिपिड हे शिरेतून देण्याचं स्निग्ध द्रावण, प्रत्येक गर्भाची जनुकीय तपासणी. अस्तर खरवडल्याने फायदा होत नाही हे २०१९ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं, तरी ते अजून कुठेकुठे चालू आहे. शुक्राणू नॉर्मल असताना सरसकट इक्सी केल्यानेही बाळ होण्याचं प्रमाण वाढत नाही. उलट नळीत पाणी साठलेलं असेल, म्हणजे हायड्रोसाल्पिंक्स, तर ती नळी आधी काढणं किंवा बंद करणं याचा फायदा पक्का आहे, आणि तेच कधी कधी राहून जातं.

खर्च दीड ते अडीच लाख सांगतात. त्यात इंजेक्शनं धरली आहेत का, गोठवण्याचे आणि पुढच्या ट्रान्सफरचे पैसे वेगळे का, हे कागदावर लिहून मागा. यशाचा आकडा सांगितला तर विचारा: तो बीटा पॉझिटिव्हचा, म्हणजे नुसती गर्भाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आल्याचा, की घरी आलेल्या बाळाचा, कोणत्या वयाच्या स्त्रियांचा, स्वतःच्या बीजाचा की दात्याच्या? गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात २०२३ पासून हा विभाग मोफत सुरू झाला आहे.

आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा २०२१ चा एआरटी कायदा २०२२ च्या जानेवारीत लागू झाला. सेंटरची नोंदणी आहे का ते पाहणं हा तुमचा हक्क आहे. प्रमाणपत्र भिंतीवर दिसायला हवं. स्त्रीचं वय ५० आणि पुरुषाचं ५५ पर्यंतच उपचार देता येतात. बीजदाता स्त्री २३ ते ३५ वयाची हवी आणि तिला आयुष्यात एकदाच बीजदान करता येतं. मुलगा-मुलगी निवडणं हा गुन्हा आहे. तसं कोणी सुचवलं तर त्या दारातून बाहेर पडा. सरोगसी तुमच्या प्रश्नात कुठेच बसत नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

घरातल्या आग्रहाबद्दल. तुमच्या सासूबाईंना टेस्ट ट्यूब बेबी म्हटलं की कदाचित १९८६ सालचं मुंबईचं केईएम रुग्णालय आठवत असेल. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या कामातून ६ ऑगस्टला तिथे मुलगी जन्मली. त्याच्या आठ वर्षं आधी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी हेच साधलं होतं, जगातलं पहिलं असं बाळ इंग्लंडमध्ये जन्मल्यानंतर ७० दिवसांत. त्यांचा दावा मानला गेला नाही. त्यांनी १९८१ मध्ये आत्महत्या केली. पुढे आनंद कुमारांनीच त्यांची कागदपत्रं वाचून पहिलेपणाचा मान त्यांना दिला. हे सांगायचं कारण, ज्या उपचारासाठी एका माणसाने एवढं सोसलं तो गरज असलेल्यांना जरूर मिळावा, पण घाई म्हणून कोणावर लादला जाऊ नये. सासूबाईंना भेटीला घेऊन या असं मी अशा वेळी सांगतो. त्यांच्यासमोर नवऱ्याच्या तपासणीचं डॉक्टरांनी सांगितलं की घरातलं बोलणं बदलतं.

या महिन्यात करायचं ते असं. फॉलिक ॲसिड आजपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम. ते दिवस राहायच्या आधीपासूनच चालू हवं. थायरॉइड, साखर आणि रुबेलाची तपासणी. रुबेलाची लस घ्यावी लागली तर त्यानंतर महिनाभर दिवस राहू देऊ नका, म्हणजे लेट्रोझोल त्यापुढच्या पाळीला. मिस्टरांचा नमुना या आठवड्यात. पाळी लांबली असेल तर आधी घरी युरिन टेस्ट करा आणि ती निगेटिव्ह असल्याशिवाय पाळी आणायच्या गोळ्या घेऊ नका. काऊंट प्रति मिली ५० लाखांच्या खाली आला तर गोळ्यांची सहा महिन्यांची वाट पाहू नका, दोघांचेही रिपोर्ट घेऊन आधी पुरुष-वंध्यत्व पाहणाऱ्या यूरोलॉजिस्टना भेटा.